झोटेरो : मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांनी वापरावं का? वापरावं, पण संदर्भसूचीसाठी नव्हे

झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं कौतुक बहुतेक वेळा एकाच गोष्टीसाठी होतं : बटण दाबलं की संदर्भसूची तयार. माझा प्रबंध मराठीत आहे, विषय इतिहासाचा आहे, आणि त्या बटणाचा मला बेताचाच उपयोग झाला. तरी हे सॉफ्टवेअर मी सोडणार नाही. स्टाफरूममधल्या दोघातिघांच्या लॅपटॉपवर मी स्वतः बसून ते टाकून दिलंय. त्याचं कारण वेगळं आहे, आणि ते झोटेरोच्या वर्कशॉपमध्ये कुणी सांगत नाही.

आधी माझी बाजू सांगते, म्हणजे हे परीक्षण आपल्याला लागू पडतं की नाही ते ज्याचं त्याला ठरवता येईल. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात इतिहास शिकवते. नोकरी सांभाळून पीएच.डी. चालू आहे. विषय : मराठी मासिकांमधल्या जाहिराती, १९२० ते १९४७. म्हणजे १९२० साली 'किर्लोस्कर खबर' या नावानं निघालेलं 'किर्लोस्कर', १९३० पासूनचं 'स्त्री', १९३४ पासूनचं 'मनोहर', आणि त्यांच्या आगेमागे निघालेली बाकीची मासिकं. साबण, सायकली, उसाचे चरक, नांगर, केसांची तेलं, अशक्तपणावरची औषधं. माझं साहित्य म्हणजे जुन्या वाचनालयांतले बांधीव खंड, त्यांचे मोबाईलवर काढलेले फोटो, शोधगंगा या ऑनलाइन भांडारातले प्रबंध, थोडे इंग्रजी लेख आणि म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती. रसायनशास्त्रवाल्यांचा संसार निराळा. त्यांचे सगळे लेख इंग्रजीत, प्रत्येकाला डीओआय, म्हणजे लेखाचा स्वतःचा ओळख क्रमांक. तो क्रमांक झोटेरोत टाकला की लेखकापासून पानापर्यंत सगळी माहिती आपोआप भरली जाते. त्यांनी हे परीक्षण वाचलं नाही तरी चालेल, डोळे मिटून झोटेरो घ्यावं.

झोटेरो इतिहासवाल्यांनीच केलेलं आहे हे मात्र मला फार उशिरा कळलं. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात इतिहास आणि नवमाध्यमांचं एक केंद्र आहे, तिथं २००६ साली हे सुरू झालं. तेव्हा ते फायरफॉक्स ब्राउझरला जोडायचं एक पुरवणी-सॉफ्टवेअर होतं; आता संगणकावर स्वतंत्र चालतं आणि क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी यांच्यासाठी वेगळा कनेक्टर, म्हणजे ब्राउझरमधून नोंद थेट झोटेरोत टाकणारी जोडणी, मिळतो. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे. 'मेंडेली' हा त्याचा प्रतिस्पर्धी २०१३ साली एल्सव्हिअर या प्रकाशन कंपनीनं विकत घेतला, 'एंडनोट' या दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याला पैसे पडतात. मला मालकीपेक्षा एक साधी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. झोटेरोतली सगळी माहिती माझ्याच लॅपटॉपवरच्या एका फोल्डरमध्ये असते. नेट नसलं तरी चालतं. आमच्याकडे वळवाचा पाऊस आला की आधी नेट जातं, मग लाईट.

इतिहासवाल्यांचा हात त्यात दिसतो. पुस्तक, लेख, प्रबंध हे प्रकार सगळीकडेच असतात. इथं हस्तलिखित, पत्र, मुलाखत, नकाशा यांचेही वेगळे प्रकार आहेत. 'अर्काइव्ह' आणि 'लोकेशन इन अर्काइव्ह' असे दोन रकाने आहेत. पेशवे दफ्तरात काम करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीनं पहिल्या रकान्यात पुणे पुराभिलेखागार आणि दुसऱ्यात रुमालाचा (कागदांच्या गाठोड्याचा) क्रमांक टाकायचा असा शिरस्ताच केलाय. जाहिरात असा प्रकार मात्र नाही. मी मासिकातला लेख हा प्रकार वापरते. शीर्षकाच्या जागी जाहिरातीची पहिली ओळ, लेखकाच्या जागी कंपनी. कंपनीचं नाव लिहिताना रकान्याच्या शेजारचं छोटं बटण दाबून नाव एकाच रकान्यात घ्यायचं, नाहीतर झोटेरो कंपनीलाही आडनाव चिकटवतं. टोपणनावांनाही हेच करावं लागतं. कुसुमाग्रजांना आडनाव नको असतं.

आता मुद्द्याचं. संशोधनात माझा सगळ्यात जास्त वेळ वाचनात जात नव्हता, 'हे मी कुठं वाचलं होतं' यात जात होता. वह्या होत्या, मोबाईलमध्ये हजारो फोटो होते, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेले निरोप होते. मार्गदर्शक सर एखाद्या परिच्छेदावर पेन्सिलीनं एवढंच लिहायचे, 'अंक? पान?', आणि तेवढ्यावर रविवार जायचा.

२०२२ साली आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून झोटेरोत पीडीएफ तिथंच उघडून वाचता येते. ओळ रंगवली की ती ओळ, तिचा पान क्रमांक आणि कुठल्या पुस्तकातली हे तिन्ही एकमेकांना बांधलं जातं. रंगवलेल्या सगळ्या ओळींचं एका क्लिकमध्ये टाचण होतं. त्या टाचणातल्या कुठल्याही ओळीवरून उलट मूळ पानावर जाता येतं. ते टाचण वर्डमध्ये घेतलं तर ओळीसोबत तिचा संदर्भही येतो. मजकूर उचलला आणि संदर्भ मागं राहिला, असं होत नाही. हे वाचायला किरकोळ वाटतं. प्रबंधाचं तिसरं प्रकरण लिहिताना नाही वाटत.

फोटोंच्या बाबतीतही चालतं. मासिकाच्या पानाचे फोटो मोबाईलवरच पीडीएफ करून टाकले की चौकट ओढून तेवढीच जाहिरात उचलता येते, आणि ते चित्रच टाचणात येऊन बसतं. मी रंगांची वाटणी केली आहे : पिवळा म्हणजे जसाच्या तसा उतरवायचा मजकूर, हिरवा म्हणजे किंमत, निळा म्हणजे बाईचं चित्र असलेली जाहिरात, लाल म्हणजे शंका. माझे शब्द मी रंगवलेल्या ओळीखालच्या टिपेत लिहिते, कधीही ओळीतच मिसळत नाही. यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्याच्या नियमांत दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असलं तर दंड नाही, आणि योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणं त्यातून वगळतात. पण अवतरण कुठलं आणि आपलं वाक्य कुठलं, हे दोन वर्षांनी आपल्यालाच ओळखू आलं पाहिजे. वहीत ते ओळखू येत नाही. वहीत सगळं आपल्याच अक्षरात असतं.

पान क्रमांकाची एक खुबी सांगते, कारण ती शोधायला मला कुणी मदत केली नाही. स्कॅन केलेल्या पुस्तकात मुखपृष्ठ, प्रस्तावना धरून पीडीएफचं पान २३ म्हणजे छापील पान ११ असतं. झोटेरो पीडीएफचा आकडा धरतं. रंगवलेल्या ओळीच्या पान क्रमांकावर क्लिक करून खरा आकडा टाकता येतो आणि 'इथून पुढच्या सगळ्यांना हाच हिशेब' असं सांगताही येतं. पुस्तक उघडल्याबरोबर हे एकदा करून टाकावं.

२०१९ च्या पुरात आमच्या भागातल्या वाचनालयांची पुस्तकं भिजली तेव्हापासून फोटोंकडे मी निराळ्या नजरेनं बघते. काही खंडांचा माझ्यापुरता तरी तोच एक पुरावा राहील अशी शक्यता आहे. म्हणून फोटो टाकताना वाचनालयाचं नाव, खंडाचा दाखल क्रमांक आणि फोटो काढल्याची तारीख मी झोटेरोत न चुकता भरते. हे विषयांतर झालं, पण बांधीव खंडांवर काम करणाऱ्याला पटेल.

आता संदर्भसूची. इथं झोटेरोला मराठी फारशी येत नाही, हे मान्य करून पुढं जाऊ.

पहिलं, आपोआप माहिती भरण्याचं. पुस्तकाचा आयएसबीएन टाकला की झोटेरो मोठमोठ्या ग्रंथालयांच्या सूचींत शोधून माहिती आणतं. १९३० सालच्या पुस्तकाला आयएसबीएन असणारच नाही, ते सगळं हातानं. नव्या मराठी पुस्तकाला असतो, पण परदेशी ग्रंथालयांच्या सूचीत मराठी पुस्तकं रोमन लिपीत नोंदवलेली असतात, अक्षरांवर आडव्या रेघा आणि खाली टिंबं देऊन. ते सगळं पुसून देवनागरीत लिहावं लागतं. त्यापेक्षा पुस्तकाचं पहिलं पान समोर ठेवून सरळ टाईप केलेलं बरं. मी तसंच करते. पुस्तक हातात असताना दोन मिनिटं लागतात. परत केल्यावर दोन दिवस.

दुसरं, नावं. 'खांडेकर, वि. स.' आणि 'खांडेकर, विष्णु सखाराम' ही झोटेरोच्या लेखी दोन माणसं. 'साने गुरुजी' आणि 'साने, पांडुरंग सदाशिव' ही आणखी दोन. मराठी प्रकाशकांनी एका लेखकाचं नाव मुखपृष्ठावर एक, आतल्या पानावर दुसरं छापायचा जो छंद जोपासलाय, त्याला कुठलंच सॉफ्टवेअर पुरं पडणार नाही. एक रूप ठरवायचं आणि तेच धरायचं.

तिसरं, सन. तारखेच्या रकान्यात मी इंग्रजी आकडे लिहिते, म्हणजे झोटेरोला साल ओळखायला अडचण येत नाही. शके वगैरे 'एक्स्ट्रा' या रकान्यात टाकते. तिथंच मूळ प्रकाशनाचं सालही ठरावीक पद्धतीनं लिहिता येतं. पुनर्मुद्रणांवर काम करणाऱ्यांना हे फार लागतं, कारण १८९८ चं पुस्तक २००४ चं म्हणून सूचीत गेलं तर परीक्षक पहिल्याच पानावर हसतात.

चौथं आणि सगळ्यात त्रासाचं म्हणजे शैली. एपीए, शिकागो, एमएलए अशा संदर्भ लिहिण्याच्या हजारो शैली झोटेरोला फुकट मिळतात, पण त्या इंग्रजी वळणाच्या. मराठी पुस्तकाच्या नोंदीतही पानाच्या आधी इंग्रजी 'पी', संपादकाच्या जागी 'ईडी', दोन लेखकांच्या मध्ये 'अँड'. नोंदीत भाषा मराठी अशी भरली तरी फरक पडत नाही. उपाय आहे. शैली म्हणजे शेवटी एक मजकुराची फाइल असते, तिच्यात 'पृ.', 'संपा.', 'आणि' हे आपले शब्द घालता येतात. आमच्या कॉलेजच्या संगणक विभागातल्या सरांनी चहाच्या सुट्टीत ते करून दिलं. पण मग इंग्रजी पुस्तकांच्या नोंदीतही 'पृ.' येतो. एकाच सूचीत दोन भाषांना दोन वळणं देण्याची सोय झोटेरोत सरळ मिळत नाही.

आणि मराठी प्रबंधात सूची कधी एक नसतेच. प्राथमिक साधनं, दुय्यम साधनं, मराठी ग्रंथ, इंग्रजी ग्रंथ, नियतकालिकं, अप्रकाशित प्रबंध, मुलाखती असे विभाग पाडावे लागतात. वर्डमध्ये झोटेरो एक सलग सूची देतं, विभाग पाडून देत नाही. मी काय करते : झोटेरोत प्रत्येक विभागाचं वेगळं कलेक्शन (नोंदींचा कप्पा) ठेवते, त्यावर उजवं क्लिक करून त्याची सूची काढते, मराठीला मराठी शैली, इंग्रजीला इंग्रजी, आणि शेवटी एकेक करून वर्डमध्ये चिकटवते. यात पुढं प्रबंधात एखादा संदर्भ वाढला तर सूची आपोआप बदलत नाही, पुन्हा काढावी लागते. म्हणजे ज्या गोष्टीसाठी लोक झोटेरो घेतात, ती मराठीत अर्धी हातानंच करायची आहे. जे वर्कशॉप घेतात त्यांनी हे सांगायला हवं. प्रत्येक वेळी पडद्यावर इंग्रजीतला वैद्यकशास्त्राचा लेख टाकून दाखवतात आणि सगळे टाळ्या वाजवतात.

शोधगंगेवरचे प्रबंध हा आपल्याकडचा खास भाग. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रानं चालवलेलं हे भांडार नसतं तर दुसऱ्या विद्यापीठातला प्रबंध बघायला रजा टाकून जावं लागलं असतं, तेव्हा तक्रारीचा सूर नाही. पण तिथं एक प्रबंध म्हणजे बऱ्याच फाइली : शीर्षकपान वेगळं, प्रमाणपत्र वेगळं, प्रत्येक प्रकरण वेगळं. झोटेरोत एक नोंद करून तिच्याखाली सगळी प्रकरणं क्रमानं लावून ठेवावीत, प्रत्येक प्रकरणाची वेगळी नोंद करू नये. नाहीतर एकाच प्रबंधाचे आठ संदर्भ होऊन बसतात.

अनेक जुने मराठी प्रबंध श्री-लिपी किंवा तशाच युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाईप केलेले आहेत. डोळ्यांना मराठी दिसतं, आणि ओळ रंगवली की टाचणात इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांचा काला उमटतो. दोष झोटेरोचा नाही, फाइलीच्या आत तेच आहे. अशा वेळी ओळ न रंगवता चौकट ओढून चित्र घ्यावं आणि शोधता यावं म्हणून दोन शब्द खाली टाईप करावेत. स्कॅन केलेल्या पुस्तकांचं आधी ओसीआर करून घेतलं, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेतली, तर मजकूर शोधता येतो. टेसरॅक्ट या फुकट सॉफ्टवेअरला मराठी येतं, गूगल ड्राइव्हही करून देतं. जुन्या छपाईतली जोडाक्षरं मात्र दोघांनाही चकवतात, तेव्हा अवतरण मूळ पानाशी ताडूनच घ्यावं.

जागेचा हिशेब सांगितलाच पाहिजे, कारण फोटोवाल्यांना तो लगेच भिडतो. झोटेरो फुकट असलं तरी त्यांच्या सर्व्हरवर फाइलींसाठी मिळणारी फुकट जागा ३०० एमबी. बांधीव खंडाचे फोटो त्यात काय मावणार? दोन जीबीला वर्षाला २० डॉलर, सहा जीबीला ६०, अमर्याद जागेला १२०. २० डॉलर म्हणजे आपले अठराशेच्या आसपास रुपये. प्राध्यापकाला जड नाही, फेलोशिप अडकलेल्या विद्यार्थ्याला आहे. पण पैसे न देताही निभतं. नोंदी, टाचणं, टॅग यांच्या सिंकला (सर्व्हरवर प्रत ठेवण्याला) मर्यादा नाही, मर्यादा फक्त फाइलींना आहे. सेटिंगमध्ये फाइलींचं सिंक बंद करावं. फाइली लॅपटॉपवर राहतात, आणि महिन्यातून एकदा झोटेरोचं अख्खं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायचं, त्या वेळी झोटेरो बंद ठेवून. ते फोल्डर गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समध्ये ठेवायचा मोह होतो. तसं करू नका असं झोटेरोवालेच सांगतात, डेटाबेस बिघडू शकतो.

वर्डशी जोडणी उत्तम आहे. लिबरऑफिस आणि गूगल डॉक्सलाही आहे. फक्त आपल्याकडे प्रबंधाचा प्रवास वर्डमध्ये संपत नाही, तो डीटीपीच्या दुकानात संपतो. विद्यापीठासमोरच्या दुकानातले काका फाइल घेतल्या घेतल्या म्हणाले, "मॅडम, हे मंगलमध्ये आहे, श्री-लिपीत करून देतो, छान दिसेल." मी म्हटलं, "काका, छान राहू दे, आहे तसंच राहू दे." मंगल हा युनिकोड फाँट; युनिकोडचा मजकूर जुन्या फाँटमध्ये नेला की झोटेरोचे संदर्भ आणि इंग्रजी नावं दोन्ही गेली. फाइल बाहेर देण्याआधी मूळ प्रत आपल्याकडे ठेवावी आणि दुसऱ्या प्रतीत झोटेरोच्या टॅबमधून 'अनलिंक सायटेशन्स' करावं, म्हणजे संदर्भांचा साधा मजकूर होतो आणि कुणी कुठंही क्लिक केलं तरी हलत नाही. अक्षराचा आकार बदलत नाही अशी ओरड असते, त्याचं कारण वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' धरतं. फाँटच्या खिडकीत तिचा आकार वेगळा द्यावा लागतो. यात झोटेरोचा काही संबंध नाही, पण शिव्या त्यालाच बसतात.

इंग्रजी लेखांसाठी कनेक्टर खरोखर चोख आहे. जेस्टोर या संशोधनलेखांच्या साइटवर लेख उघडला, वरचं चिन्ह दाबलं की नोंद आणि पीडीएफ दोन्ही आत. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही सरकारी योजना आली, तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी शिक्षणसंस्थांना खुली झाली, त्यामुळे अशा लेखांची चणचण बऱ्याच जणांची कमी झाली असेल. माझ्या विषयाचं मुख्य साहित्य त्या तेरा हजारांत नाही, ते कपाटात आहे.

एक सोय मी विद्यार्थ्यांसाठी वापरते, ती म्हणजे ग्रुप लायब्ररी, गटाची सामायिक झोटेरो. एम.ए.च्या मुलांचा लघुप्रबंध असतो, त्यांचा एक गट केलाय. नोंद करायची तर त्यासोबत पुस्तकाच्या शीर्षकपानाचा फोटो जोडायचाच, असा नियम आहे. हा नियम मी एआयच्या उत्तरांतून उचललेले संदर्भ यायला लागल्यावर केला. भारदस्त शीर्षक, नामवंत प्रकाशक, आणि असं पुस्तक जगात नाहीच. शीर्षकपानाचा फोटो मागितला की तो संदर्भ गटात येतच नाही. गटातल्या फाइलींची जागा गट काढणाऱ्याच्या खात्यातून जाते, एवढं लक्षात ठेवावं. मुलांना लहान आकाराचे फोटो टाकायला सांगितलंय.

गुण द्यायचेच तर टाचणं आणि साधनांच्या नोंदीसाठी पाचपैकी पाच, मराठी संदर्भसूचीसाठी दोन. ज्यांचा प्रबंध इंग्रजीत आहे त्यांनी दुसरा आकडा साडेचार समजावा. आणि ज्यांचं सबमिशन दोन महिन्यांवर आलंय, सूची टाईप करायची तेवढी राहिली आहे, त्यांनी आत्ता झोटेरोच्या वाटेला जाऊ नये. ती सूची वर्डमध्येच हातानं लवकर होईल.